मुलांना टेन्शन पेलायला ऑनलाइन कसं शिकवावं

'ताणतणाव व्यवस्थापन' असा मथळा देऊन मीटिंग लावली की निम्मी मुलं पाच मिनिटांत कॅमेरा बंद करून रील बघायला लागतात. त्यांचंही बरोबरच आहे. एक जण लातूरला रूम करून नीटची तयारी करतोय आणि मॉक टेस्टला ७२० पैकी ३४० च्या पुढे सरकत नाही. बीडमधल्या एकीचे आईबाप उचल घेऊन ऊसतोडीला गेलेत. आजी, धाकटा भाऊ आणि बारावी, सगळं तिच्या अंगावर. तिसऱ्याचं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात आहे. या तिघांना 'पॉझिटिव्ह राहा' म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. त्यांना अंगावर आलेलं पेलायची रीत हवी असते, आणि वेळ आली तर कुणाला हाक मारायची हे ठाऊक असायला हवं.

आधी बैठक जमवा

दहा-बारा मुलांचा गट पुरे. १८ वर्षांखालच्यांच्या पालकांना स्वतः फोन करून परवानगी घ्या. व्हॉट्सअॅप ग्रुप शक्यतो करू नका, त्यात प्रत्येक मुलीचा नंबर सगळ्यांना दिसतो. ब्रॉडकास्ट लिस्ट बरी. फक्त मुलांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला असला पाहिजे, नाहीतर मेसेज पोचत नाही. आठवड्यातून एकदा रात्री साडेआठला, चाळीस मिनिटं. कॅमेऱ्याचा आग्रह नको. एकाच खोलीत पाच माणसं राहतात तिथे मूल कॅमेरा लावून मोकळं बोलेल कसं? चॅटमध्ये लिहू द्या. सत्र रेकॉर्ड करू नका आणि तसं पहिल्याच दिवशी सांगा. लाइट गेली किंवा रेंज नसली तर त्या दिवसाचा सराव पाच मिनिटांच्या व्हॉइस नोटमध्ये पाठवा.

पहिलं सत्र: श्वास

भाषण नको. सगळ्यांना मनगटावरची नाडी शोधायला लावा (अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटांनी) आणि अर्धा मिनिट ठोके मोजून आकडा चॅटमध्ये टाकायला सांगा. मग नाकाने चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच मिनिटं. मोजायचं तुम्ही, हळू आवाजात. श्वास सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे हृदयाची गती जराशी उतरते, म्हणून बाहेर जाणारा श्वास लांबवायचा. पुन्हा नाडी मोजा. सगळ्यांची कमी होईलच असं नाही, आणि तेही बोलून टाका. मुलांना खरं बोलणारा माणूस लगेच कळतो. पेपर हातात पडल्यावर पहिला मिनिट यातच घालवायचा, हे मात्र पक्कं करून घ्या.

दुसरं आणि तिसरं: कागदावर रेघ

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे हाताबाहेरचं: कट-ऑफ, पाऊस, सोयाबीनचा भाव. उजवीकडे हातातलं: फिजिक्सचे दोन धडे, रात्रीची झोप, बाबांना फोन. उजवीकडचं एक काम उद्या संध्याकाळपर्यंत करायचं आणि 'झालं' एवढंच कळवायचं. यादी मुलांचीच असू द्या, तुम्ही भरून देऊ नका.

बीडच्या त्या मुलीचा कागद मात्र वेगळा निघेल. तिला विचार बदलायला सांगण्याआधी धाकट्याची सोय गावातल्या हंगामी वसतिगृहात होते का, हे तिच्या सरांना विचारा. प्रश्न परिस्थितीचा असेल तिथे मनाचे व्यायाम शिकवणं हा मला तरी निव्वळ कोडगेपणा वाटतो.

चौथं: टोकाच्या वाक्याला प्रश्न

'नीट नाही लागली तर सगळं संपलं.' अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती अशा वाक्यांनाच हात घालते. विचारायला लावा: पुरावा काय? असं मानून अभ्यास होतो की अडतो? हेच मित्र म्हणाला असता तर त्याला काय सांगितलं असतं? 'लागावी अशी फार इच्छा आहे, नाही लागली तर वाईट वाटेल, पण दुसरी वाट शोधेन' इथवर मूल स्वतः आलं पाहिजे. घाई केलीत तर ते तुमच्या समाधानासाठी हो म्हणेल.

पाचवं: माणसं

हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं घेतला. त्यांतल्या खडतर परिस्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं नीट उभी राहिली, आणि त्यांच्या आयुष्यात बहुधा निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. म्हणून गृहपाठ एवढाच: आत्या, मामा, शाळेतले सर, जे कोणी असतील त्यांतल्या तिघांचे नंबर कागदावर लिहायचे आणि एकाला याच आठवड्यात विनाकारण फोन करायचा.

धोका दिसला तर

मरणाची भाषा, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, अचानक गप्प होणं, यातलं काही दिसलं की सत्र बाजूला ठेवा, एकटीला किंवा एकट्याला फोन लावा आणि सरळ विचारा: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. हो म्हटलं तर एकटं सोडू नका, जवळच्या माणसाला तिथे पोचवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी चाइल्डलाइनचा नंबर १०९८. दोन्ही नंबर पहिल्याच सत्रात सगळ्यांना सेव्ह करायला लावा.

बारावीचा किंवा नीटचा निकाल लागेल त्या संध्याकाळी मीटिंग ठेवू नका. यादी घेऊन एकेकाला फोन करा आणि ज्याने मार्क कळवलेले नाहीत, त्याच्यापासून सुरुवात करा.