ब्राउझर निवडताना त्याचे उत्पन्न तपासावे

जाहिराती अडवण्याची सोय करण्यापूर्वी आपला ब्राउझर कोणाच्या पैशावर चालतो, हे पाहून घ्यावे. क्रोम बनवणाऱ्या गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिचे २०२३ मधील उत्पन्न सुमारे ३०७ अब्ज डॉलर होते आणि त्यातील जवळपास २३८ अब्ज डॉलर जाहिरातींतून आले होते. याच क्रोमने एक्स्टेन्शनसाठी, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामसाठी, ‘मॅनिफेस्ट व्ही३’ हे नवे नियम लागू केले. पूर्वी पान उघडताना त्यातील मजकूर वा जाहिराती मागवण्यासाठी बाहेर जाणारी प्रत्येक विनंती एक्स्टेन्शन स्वतः तपासून अडवू शकत असे. आता त्याने नियमांची यादी आधीच ब्राउझरकडे सोपवायची आणि अडवण्याचे काम ब्राउझरने करायचे. गूगलने सुरक्षिततेचे कारण दिले आणि ते निराधार नाही, परंतु रेमंड हिल यांच्या ‘यूब्लॉक ओरिजिन’ या जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनची मूळ आवृत्ती त्यामुळे क्रोममधून बाद झाली व तिथे मर्यादित क्षमतेची ‘लाइट’ आवृत्ती तेवढी उरली.

म्हणून माझी शिफारस फायरफॉक्सची आहे. त्यात मूळ आवृत्ती अजून चालते, अँड्रॉइड फोनवरसुद्धा. फायरफॉक्सच्या मेनूतील एक्स्टेन्शनच्या भागात जाऊन ‘यूब्लॉक ओरिजिन’ निवडावे. मिळत्याजुळत्या नावाची इतर एक्स्टेन्शन असल्याने निर्मात्याचे नाव रेमंड हिल असल्याची खात्री करावी. बसवल्यावर वेगळे काही करावे लागत नाही. फायरफॉक्सही या पैशापासून अलिप्त नाही, हे मात्र ध्यानात असू द्यावे: गूगलला आपोआप वापरले जाणारे (डिफॉल्ट) शोधयंत्र म्हणून ठेवण्याबद्दल मिळणारी रक्कम हाच फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग आहे.

जाहिराती अडवणाऱ्या साधनाचीही हीच चौकशी करावी. ‘ॲडब्लॉक प्लस’ २०११ पासून ‘स्वीकारार्ह’ ठरवलेल्या जाहिराती आपणहून दाखवते आणि त्यासाठी मोठ्या कंपन्यांकडून शुल्क घेतले जाते. ते वापरायचेच असेल, तर सेटिंगमध्ये ही परवानगी बंद करावी.

एक्स्टेन्शनचा अंमल ब्राउझरपुरताच असतो. यूट्यूबच्या ॲपमधील जाहिराती त्याने थांबत नाहीत. ज्या वृत्तस्थळाचे काम आपल्याला मोलाचे वाटते आणि जे जाहिरातींवरच तगून आहे, तिथे यूब्लॉकच्या चिन्हावर दाबून मोठे पॉवर बटण बंद करावे आणि पान पुन्हा उघडावे. ही सूट त्या स्थळापुरतीच राहते. वर्गणीची सोय असेल, तर ती भरणे मला अधिक योग्य वाटते.