थंडी सरताना: मोगरा छाटा, हळद काढा, भेंडी लावा

रथसप्तमी झाली की सांगलीत दुपारी पंखा लागतो आणि पहाटे पुन्हा गोधडी ओढावी लागते. माझ्या गच्चीवरच्या पंधरा-वीस कुंड्यांत सगळ्यात मजा येते ती याच तीन-चार आठवड्यांत. मी हौशी माणूस, तेव्हा फक्त करून पाहिलेलं सांगते.

सुरुवात मोगऱ्यापासून. त्याला फुलं येतात ती नव्या फुटीवर. जुन्या काड्यांवर माया केलीत तर नुसता पाला वाढतो. आधी ताण द्या, म्हणजे ८-१० दिवस पाणी तोडा. झाडाने अगदीच मान टाकली तर वाटीभर पाणी घाला, जास्त नको. पानं पिवळसर पडली की सिकेटर घ्या. तासगावकडे द्राक्षाच्या छाटणीला वापरतात तीच. घरातल्या कात्रीने काडी चेंबते. वाळक्या काड्या बुडातून काढा, बाकीच्या निम्म्यावर आणा, काप डोळ्याच्या, म्हणजे नवी फूट निघते त्या गाठीच्या, जरासा वर घ्या. उरलेली पानंही हाताने ओरबाडून टाका. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा शेजारच्या काकू कठड्यावरून ओरडल्या, "अगं, भादरलंस की गं त्याला!" मलाही रात्री झोप लागली नव्हती. आठवड्याभराने काडीच्या बेचक्यात मोहरीएवढे हिरवे ठिपके दिसले, तेव्हा त्यांना हाक मारून दाखवले.

छाटल्यावर वरची दोन बोटं माती खुरपीने मोकळी करा, दोन मुठी कुजलेलं शेणखत घाला आणि भरपूर पाणी द्या. कुंडी कडक उन्हात हवी. साधारण महिनाभरात कळ्या धरतात.

मग हळद. गेल्या उन्हाळ्यात लावलेल्या हळदीची पानं एव्हाना वाळलेली असतात. कुंडी पोत्यावर पालथी करा आणि बुडावर थाप मारा. ओल्या हळदीचा तो वास आला की बाकीची कामं राहतात बाजूला. कोवळ्या हळकुंडांचं लिंबू पिळून लोणचं घाला. जेठा गड्डा, म्हणजे मधला मूळ गड्डा, मात्र बियाण्याला ठेवा. हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे, आपल्याला सावलीतली बादलीभर कोरडी वाळू पुरते. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पुन्हा लावायचा.

रिकाम्या झालेल्या त्याच कुंडीत भेंडी. आपली काळी माती पाणी धरून बसते, म्हणून दोन वाटे मातीला एक वाटा शेणखत आणि एक वाटा भाताचं तूस मिसळा. बी रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल टोचा, बारा इंची कुंडीत दोनच रोपं ठेवा. घाई नको. एके वर्षी मी जानेवारीतच बी टोचलं आणि थंड मातीत ते सगळं कुजलं. फेब्रुवारीचा मध्य बरा.

वरून आच्छादन हवंच. रसवंतीवाल्याकडे चिपाडं मागा, तो देतो. पण चार दिवस उन्हात कडक वाळवल्याशिवाय घालू नका, गोडाला मुंग्या लागतात. कोवळ्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, दिसला तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारा.

भेंडी ४५-५० दिवसांत तोडायला येते. रोज टोक मोडून बघा. कटकन मोडलं तर लगेच तोडा. नुसतं वाकलं तर ती जून झाली, आता बियाण्यालाच ठेवा.