शस्त्रक्रियेनंतरचा सव्वा महिना : ट्रान्स स्त्रियांसाठी घरच्या शुश्रूषेचे मार्गदर्शन

बाळंतिणीला सव्वा महिना जड उचलू द्यायचे नाही आणि तिच्या उशाशी कोणीतरी असलेच पाहिजे, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. हिजडा समाजातही निर्वाणानंतर, म्हणजे लिंग आणि वृषण काढण्याच्या पारंपरिक विधीनंतर, चाळीस दिवस सांभाळण्याची जुनी रीत आहे. व्हजायनोप्लास्टी, म्हणजे योनिनिर्मितीची शस्त्रक्रिया, करून घेतलेली ट्रान्स स्त्री मात्र पुष्कळदा आठवड्याभरात एकटीच खोलीवर परतते आणि तिसऱ्या दिवशी पाण्याची बादली उचलते. शल्यचिकित्सकही साधारण सहा आठवड्यांचीच विश्रांती सांगतात, म्हणजे हिशेब जवळजवळ सव्वा महिन्याचाच आहे. माझी शस्त्रक्रिया होऊन काही वर्षे झाली; त्यानंतर ठाणे आणि नवी मुंबईत मी चार मैत्रिणींची शुश्रूषा केली आहे, आणि त्यातून जे शिकले ते इथे क्रमाने सांगते. प्रत्येक शल्यचिकित्सकाची पद्धत थोडी वेगळी असते, त्यामुळे इथल्या एखाद्या सूचनेत आणि तुमच्या डॉक्टरांच्या सूचनेत फरक आढळला, तर डॉक्टरांचेच ऐकावे.

तयारी रुग्णालयात जाण्यापूर्वीच करावी लागते. कोपरखैरणे, घणसोली किंवा ऐरोलीत सिडकोच्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर घर असेल, तर पहिले दोन-तीन आठवडे तळमजल्यावरच्या कोणा नातलगाकडे किंवा मैत्रिणीकडे राहण्याची सोय करावी. जिने चढणे अशक्य नसते, परंतु तपासणीसाठी वारंवार उतरावे लागते आणि दर वेळी टाक्यांवर ताण येतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न संडासाचा आहे. उकिडवे बसल्याने ताज्या टाक्यांवर थेट ताण पडतो, म्हणून भारतीय पद्धतीचा संडास असेल तर सर्जिकल सामानाच्या दुकानातून कमोडची खुर्ची भाड्याने आणावी. पाटावर बसून आंघोळ करण्याची सवय असेल तर तीही या काळापुरती सोडून उंच प्लास्टिकच्या स्टुलावर बसावे किंवा उभ्याने आंघोळ करावी. मोठे सॅनिटरी पॅड, अंथरुणावर घालायचे अंडरपॅड, पाण्यात विरघळणारी जेली, थर्मामीटर, हातात धरायचा आरसा आणि सैल सुती गाऊन एवढे सामान आधीच आणून ठेवावे. पहिले दोन आठवडे सोबतीला एक माणूस हवेच. पैशांची अडचण असेल तर इतर खर्चात काटकसर करावी, पण या माणसाच्या बाबतीत करू नये.

रुग्णालयातला मुक्काम साधारण पाच ते सात दिवसांचा असतो. योनीत भरलेले पॅकिंग आणि लघवीची नळी बहुधा याच काळाच्या शेवटी काढतात. घरी येताना रिक्षा टाळावी. घोडबंदर रस्त्यावरच्या खड्ड्यांतून माजिवड्यापासून पातलीपाड्यापर्यंत रिक्षाने जाणे एरवीही सोपे नाही, आणि टाके ताजे असताना तो प्रत्येक हादरा अंगावर येतो. मोटारीच्या मागच्या आसनावर एका कुशीवर रेलून यावे. प्रवास लांबचा असेल तर तासाभराने थांबून चार पावले चालावे आणि बसल्या जागी पावले वरखाली हलवत राहावे, कारण या दिवसांत पायांच्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढलेला असतो.

घरी आल्यावर दिवसभर पडून राहू नये. दर एक-दोन तासांनी घरातल्या घरात फेरी मारावी. सूज आणि काळीनिळी त्वचा पाहून घाबरायला होते. पहिल्यांदा आरसा धरला तेव्हा मलाही काहीतरी बिघडले आहे असेच वाटले होते. सूज एका बाजूला जास्त असू शकते, योनीच्या ओठांचा आकार वेडावाकडा दिसू शकतो. ती हळूहळू सहा ते आठ आठवड्यांत उतरते आणि अंतिम आकार दिसायला कित्येक महिने लागतात. पहिल्या आठवड्यात बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून वीस-वीस मिनिटे ठेवल्यास आराम पडतो. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये. पिवळसर-तपकिरी स्राव आणि पॅडवर थोडे रक्त चार ते सहा आठवडे दिसणे स्वाभाविक आहे. मध्येच वीज चमकल्यासारखी कळ येते, खाजही सुटते. नसा पुन्हा जाग्या होताना असे होते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सौम्य साबण आणि पाण्याने बाहेरचा भाग रोज धुवावा, पुढून मागच्या दिशेने स्वच्छ करावा आणि मऊ फडक्याने टिपून कोरडा ठेवावा. आपल्याकडच्या दमट हवेत मांड्यांच्या सांध्यांत घाम साचतो आणि बुरशी धरते, म्हणून पॅड वेळेवर बदलावेत आणि दिवसातून काही वेळ पंख्याखाली नुसत्या गाऊनवर पडून राहावे. जखमेवर हळद, कोमट तेल, राख किंवा कोणी सांगितलेला लेप लावू नये. जुन्या रीतीतली सोबत आणि विश्रांती जरूर घ्यावी, जखमेवर तेल सोडणे मात्र तिथेच ठेवावे.

लघवीविषयी मी थोडे विस्ताराने सांगते, कारण माझी सर्वांत वाईट रात्र त्यापायीच गेली. नळी काढल्यावर मला दुपारीच घरी पाठवले. त्यानंतर एकदाही नीट लघवी झाली आहे की नाही, हे कोणी विचारले नाही, आणि विचारायला हवे हे मलाही ठाऊक नव्हते. रात्री अकरापर्यंत ओटीपोट दगडासारखे घट्ट झाले, थेंबही उतरेना, आणि शेवटी मावशीने शेजाऱ्याची गाडी काढायला लावून मला पुन्हा नळी घालून घ्यायला नेले. सूज असताना मूत्रमार्ग दाबला जाऊन असे होऊ शकते. म्हणून नळी काढल्यानंतर रुग्णालयातच एक-दोनदा लघवी करून पाहावी आणि मगच निघावे. घरी चार ते सहा तास लघवी झाली नाही आणि पोट तटतटले, तर सकाळची वाट पाहू नये; आपले रुग्णालय लांब असेल तर कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचे महापालिका रुग्णालय यांपैकी जवळच्या ठिकाणी तातडीच्या विभागात जावे आणि कोणती शस्त्रक्रिया केव्हा झाली हे पहिल्या वाक्यातच सांगावे. आरोग्यसेवेत ट्रान्स व्यक्तीशी भेदभाव करण्यास 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याने मनाई आहे, हेही सोबत जाणाऱ्या माणसाला माहीत असावे. लघवीची धार सुरुवातीला वाकडी जाते, फवाऱ्यासारखी उडते. सूज उतरली की बहुतेकींची सुधारते. जळजळ, वास, ताप असेल तर मात्र तपासणी करून घ्यावी.

वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते आणि कुंथणे या काळात वर्ज्य आहे. भरपूर पाणी, ताक, मुगाची खिचडी, पालेभाजी, पपई आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने रात्री इसबगोल किंवा मलमऊ करणारे औषध घ्यावे. जखम भरण्यासाठी प्रथिने लागतात, म्हणून अंडी, डाळी, दूध, मासे यांपैकी जे चालते ते रोज ताटात असावे.

आता डायलेशन, म्हणजे डायलेटर नावाची गुळगुळीत कांडी आत घालून योनिमार्ग उघडा ठेवणे. नवीन योनिमार्ग हा शरीराच्या दृष्टीने एक मोठी जखम असतो; जखम भरताना आकसते आणि श्रोणितळाचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे, स्नायूही मार्ग आवळून धरतात, म्हणून पॅकिंग काढल्यावर डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून डायलेटर नियमित वापरावा लागतो. सुरुवातीच्या महिन्यांत गमावलेली खोली नंतर सहसा परत मिळत नाही. अनेक ठिकाणी पहिले तीन महिने दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी दहा ते तीस मिनिटे, पुढचे तीन महिने रोज एकदा, सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोन-तीनदा आणि नऊ महिन्यांनंतर एक-दोनदा असा क्रम सांगतात. ज्यांनी योनिमार्ग न बनवता केवळ बाह्यांगाची शस्त्रक्रिया करून घेतली आहे त्यांना हे करावे लागत नाही, आणि आतड्याचा भाग वापरलेल्या शस्त्रक्रियेचे वेळापत्रक वेगळे असते.

रुग्णालयातून निघण्यापूर्वी परिचारिकेच्या समोर एकदा तरी स्वतःच्या हाताने डायलेटर घालून पाहावा. कागदावर वाचून हे येत नाही. घरी आधी लघवी करून यावे, हात आणि डायलेटर साबणाने धुवावेत, मान थोडी उंच ठेवून पाठीवर पडावे आणि गुडघे वाकवून बाजूला सैल सोडावेत. जेली सढळ हाताने लावावी. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चालत नाही, आणि डायलेटर सिलिकॉनचा असेल तर सिलिकॉनची जेलीही त्याला खराब करते. टोक आधी किंचित खाली, माकडहाडाच्या दिशेने झुकलेले ठेवून सावकाश सरकवावे आणि पुढच्या हाडाखालून गेले की सरळ आत न्यावे. अडल्यासारखे वाटले की थांबून लांब श्वास सोडावा. श्वास सोडताना स्नायू सैल पडतात आणि डायलेटर आपोआप थोडा पुढे सरकतो. हलका ताण आणि दुखरेपणा चालतो, जोर लावणे किंवा फिरवून घुसवणे चालत नाही. डायलेटरवरच्या खुणांपैकी कितवी खूण बाहेर दिसते ते रोज वहीत लिहून ठेवावे, म्हणजे खोली कमी होऊ लागली तर आठवड्याभरात लक्षात येते.

माझी मावशी स्टीलच्या ताटात धुतलेला डायलेटर, जेलीची नळी, आरसा आणि इस्त्री केलेला नॅपकिन मांडून खोलीत ठेवायची, दार ओढून घ्यायची आणि बाहेर मोबाइलवर वेळ लावून तांदूळ निवडत बसायची. वीस मिनिटे झाली की आतल्या बाजूला न बघता विचारायची, “बाळा, झालं का गं? चहा टाकू?” ती काय चालले आहे हे जाणून होती आणि तिने त्याचा बाऊ कधीच केला नाही. सोबतीच्या माणसाकडून मला यापेक्षा अधिक काही अपेक्षित नाही.

पुढील लक्षणे दिसल्यास ताबडतोब, गरज पडल्यास 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून, डॉक्टरांना गाठावे : तासाभरात एक पूर्ण पॅड भिजेल इतका रक्तस्राव, 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप. दुर्गंधी येणारा पू. काळी पडत जाणारी त्वचा. योनिमार्गातून वायू किंवा मल येणे. एकाच पोटरीत सूज आणि दुखणे. छातीत कळ किंवा अचानक धाप लागणे. टाके खालच्या टोकाला थोडे उसवणे मात्र बऱ्याच जणींच्या बाबतीत घडते आणि ते बहुधा स्वच्छतेने भरून येते. तरी छायाचित्र काढून डॉक्टरांना दाखवावे. काही आठवड्यांनी आत लालसर, ओलसर, सहज रक्त येणारे मांस वाढल्यास तपासणीच्या वेळी सिल्व्हर नायट्रेट लावून त्यावर उपचार करतात.

तंबाखूच्या बाबतीत मी कोणाचीही भीड ठेवत नाही. सिगारेट, गुटखा, तपकीर आणि आपल्या घरांत दात घासायला वापरली जाणारी मशेरी, या सर्वांतले निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवते आणि नव्याने जोडलेल्या त्वचेला रक्त कमी पडते. मशेरीला पुष्कळ जणी व्यसनात मोजत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांनी विचारल्यावर सांगतही नाहीत. शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर निदान महिनाभर यातले काहीही तोंडात जाऊ नये.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मन अकारण खचते. वेदना, अपुरी झोप, थांबवलेले हार्मोन आणि दिवसातून तीनदा चुकवता न येणारे काम यांचा तो परिणाम असतो; त्या दिवसांत रडू आले म्हणजे निर्णय चुकला असे समजू नये. फार जड वाटले तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते.

सहा आठवडे जड उचलणे, कपड्यांची बादली ओढणे आणि व्यायाम बंद ठेवावा. बैठे काम चार ते सहा आठवड्यांनी सुरू करता येते, परंतु ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीच्या वेळा त्यानंतरही काही दिवस टाळाव्यात. पोहणे, सायकल आणि शरीरसंबंध यांसाठी तीन महिने थांबावे, आणि दुचाकीसाठी डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत. संध्याकाळी मासुंदा तलावाच्या किंवा घराजवळच्या उद्यानाच्या सपाट वाटेवर चालणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून बहुतेकींना जमते.

हार्मोन केव्हा पुन्हा सुरू करायचे हे डॉक्टर ठरवतात. वृषण काढल्यानंतर टेस्टोस्टेरॉन दाबणाऱ्या गोळ्यांची गरज राहत नाही, इस्ट्रोजेन मात्र कायमचे बंद केल्यास हाडे ठिसूळ होतात. प्रोस्टेट ग्रंथी या शस्त्रक्रियेत काढत नाहीत, म्हणून पन्नाशीनंतर लघवीची तक्रार घेऊन नव्या डॉक्टरांकडे गेलात तर ती शरीरात आहे हे स्वतःहून सांगावे. डिस्चार्जच्या कागदासोबत ऑपरेशन नोटची, म्हणजे शस्त्रक्रियेत काय केले याच्या नोंदीची, प्रतही मागून घ्यावी आणि दोन्हींची छायाचित्रे मोबाइलमध्ये तसेच सोबतीच्या माणसाकडे ठेवावीत. मला त्या रात्री तातडीच्या विभागात तो कागद लागला होता, आणि तो घरी कपाटात होता.