ग्रंथालयातला जुना फोटो स्मरणिकेत छापताय? या चुका टाळा

इंदूरच्या मराठी संस्थांचे अमृतमहोत्सव आणि शताब्द्या आल्या की स्मरणिका निघतात, आणि स्मरणिकेत जुनं इंदूर हवंच असतं. त्यातही १९८४ च्या आगीआधीचा राजवाडा तर हवाच हवा. मग कुणीतरी ग्रंथालयातलं पुस्तक उघडून मोबाइलवर पान टिपतं आणि खाली ओळ पडते, ‘फोटो साभार : इंटरनेट’. ही ओळ आधी काढून टाका. साभार लिहिल्यानं परवानगी मिळत नाही आणि ज्यानं फोटो काढला त्याचं नाव त्यात कुठेच नसतं.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘साठ वर्षं झाली, फोटो मोकळा’. २०१२ पर्यंत कॉपीराइटची ही साठ वर्षं फोटो प्रसिद्ध झाल्यापासून मोजत. २१ जून २०१२ ला कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि छायाचित्रकाराच्या हयातीनंतर साठ वर्षं असा नियम झाला. समजा, राजवाड्याचा एक फोटो १९६८ साली छापून आला आणि तो काढणारे १९९५ मध्ये वारले, तर २०५५ अखेरपर्यंत त्यावर हक्क आहे. भारतात १९५१ किंवा त्याआधी प्रसिद्ध झालेल्या फोटोंची मुदत मात्र दुरुस्तीआधीच संपली होती, ती पुन्हा सुरू झाली नाही. इथे फोटो कधी काढला यापेक्षा कधी प्रसिद्ध झाला हे पाहायचं. अल्बममध्येच पडून राहिलेल्या फोटोला हा हिशोब लावू नका.

इंदूरला नोकरीत असताना फोटोग्राफीकडे वळलेले लाला दीनदयाळ १९०५ मध्ये गेले, त्यांचे फोटो बिनघोर छापा. पण यशवंतराव होळकर (दुसरे) यांचे पॅरिसमध्ये काम करणाऱ्या मॅन रे यांनी काढलेले फोटो? महाराज आपले असले तरी हक्क छायाचित्रकाराकडून पुढे जातो. मॅन रे १९७६ मध्ये वारले, म्हणजे आपल्या साठ वर्षांच्या नियमानंही हक्क अजून शाबूत आहे, आणि फ्रान्समध्ये तर हयातीनंतर सत्तर वर्षांचा नियम आहे.

घरगुती फोटोंबाबत लोक उगाच घाबरतात. पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा असतो. तेव्हा आजोबांच्या लग्नाच्या फोटोसाठी घरच्यांना विचारा.

आता कात्री. जुना फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो, खालच्या कोपऱ्यात स्टुडिओचं नाव दाबून उठवलेलं असतं, पाठीवर शिक्का, निगेटिव्हचा नंबर, कधी पेन्सिलीनं लिहिलेली तारीख. डीटीपीवाला चौकट नीट बसावी म्हणून नेमकं हेच कापतो. हक्कदार शोधायचा तो एवढ्याच खुणांवरून. पुठ्ठ्यासकट स्कॅन करा, पाठ वेगळी स्कॅन करा आणि दोन्ही फाइली एकत्र जपून ठेवा. शिवाय छायाचित्रकाराचं श्रेय आणि फोटोची विटंबना न होणं हे हक्क कायद्याच्या कलम ५७ मध्ये वेगळे राखलेले आहेत. एआयनं रंग भरलेला फोटो मला स्मरणिकेत नकोच वाटतो, कारण चेहरे बदलतात, पैठणीचा रंग मनचा येतो आणि पुढच्या पिढीला तोच खरा वाटतो. छापायचाच असेल तर फोटोओळीत ‘रंग नंतर भरले’ असं लिहा.

ग्रंथालयाचा शिक्का म्हणजे कॉपीराइट, हीसुद्धा चूक. प्रत ग्रंथालयाची असते, हक्क बहुधा दुसऱ्याचा. नुसत्या स्कॅनिंगनं नवा हक्क तयार होणंही अवघड, कारण निव्वळ मेहनत पुरत नाही, थोडी तरी सर्जकता हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात म्हटलं आहे. पण प्रत घेताना ज्या अर्जावर सही करता त्यातल्या अटी तुम्हाला लागू होतात, तेव्हा तो वाचूनच सही करा. परदेशी ग्रंथालयांच्या फोटोंखाली ‘ज्ञात निर्बंध नाहीत’ असं असतं, तीही हमी नव्हे, त्यांना जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगितलेलं असतं. ‘आम्ही फुकट वाटतो’ हे कारणही चालत नाही. कायद्यातली सवलत खासगी अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा ठरावीक कामांसाठी आहे.

परवानगी फोनवर घेऊ नका, लेखी घ्या. पत्रात मुदत आणि प्रदेश लिहिला नसेल तर कायदा पाच वर्षं आणि फक्त भारत असं धरतो. पीडीएफ तर पहिल्याच दिवशी न्यू जर्सीतल्या भाच्याकडे पोचते. म्हणून छापील प्रती, पीडीएफ, फेसबुक आणि पुढच्या आवृत्त्या यांचा स्पष्ट उल्लेख करा.

हक्कदार सापडतच नसेल तर कलम ३१-अ खाली परवाना मागता येतो, पण पाचशे प्रतींच्या स्मरणिकेसाठी ती वाट फार लांबची. सरळ दुसरा फोटो निवडा. आणि छापून झाल्यावर कुणाची हरकत आली, तर वाद न घालता पीडीएफ त्याच दिवशी इंटरनेटवरून काढून टाका, उरलेल्या प्रतींचं वाटप थांबवा, त्यांच्याकडून फोटोचा तपशील लेखी मागवा आणि मगच मानधनाचं बोला.