‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये स्वयंपाक कसा करावा
२०१७ साली आलेल्या, झेल्डा मालिकेतील या गेममध्ये पेटत्या चुलीवरच्या भांड्यापाशी उभे राहून, यादीतून जास्तीत जास्त पाच जिन्नस हातात घ्यावेत आणि भांड्यात टाकावेत. शिजवलेला जिन्नस कच्च्याच्या दुप्पट हृदये, म्हणजे पात्राची जीवनशक्ती दाखवणारी चिन्हे, भरून देतो. खरी मेख मात्र गुणांत आहे. थंडीपासून बचाव करणाऱ्या तिखट मिरचीसोबत वेग वाढवणारे मशरूम टाकले, तर दोन्ही गुण एकमेकांना मारतात आणि हाती साधे जेवण उरते, म्हणून एका पदार्थात एकच गुण ठेवावा. ‘हार्टी’ वर्गातला एकटा जिन्नससुद्धा सगळी हृदये भरून वर जादा पिवळी हृदये देतो. माझ्या मते तो मोठ्या लढाईसाठीच राखावा. काढ्यासाठी कीटक किंवा बेडकासोबत राक्षसांचे अवयव लागतात.