कादंबरीतलं पात्र दांभिक आहे, हे सिद्ध कसं करायचं?

अमेरिकन कादंबरीवर प्रकल्प लिहिताना ‘अमुक पात्र दांभिक आहे’ हे वाक्य सगळ्यांनाच सुचतं. ते सिद्ध करायला मात्र दोन उतारे हाताशी लागतात. पात्र चारचौघांत कोणतं तत्त्व मिरवतं, हे दाखवणारा एक. त्याच बाबतीत ते प्रत्यक्षात काय करतं, हे दाखवणारा दुसरा. दुसरा मिळाला नाही, तर पात्र तुम्हाला आवडलं नाही एवढंच सिद्ध होतं.

वहीच्या पानावर तीन रकाने आखा: बोललेलं, केलेलं आणि ‘कोणाच्या लक्षात येतं?’. प्रत्येक नोंदीपुढे प्रकरणाचा क्रमांक लिहा. पान क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, त्यामुळे नंतर उतारा सापडत नाही.

सुरुवात ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’पासून (1960) करा, कारण तिथे जोड्या ठळक आहेत. 24व्या प्रकरणात मिसेस मेरीवेदर आफ्रिकेतल्या मृना जमातीच्या हालअपेष्टांनी गहिवरतात आणि त्याच बैठकीत टॉम रॉबिन्सन या निर्दोष कृष्णवर्णीयावर चाललेल्या बलात्काराच्या खटल्यानंतर घरची कृष्णवर्णीय स्वयंपाकीण तोंड पाडून वावरते म्हणून कुरकुरतात. 26व्या प्रकरणात मिस गेट्स वर्गात हिटलरने चालवलेल्या ज्यूंच्या छळाचा धिक्कार करतात. पण खटल्याच्या रात्री कोर्टाच्या पायऱ्या उतरताना याच बाई कृष्णवर्णीयांबद्दल ‘त्यांना कुणीतरी धडा शिकवायलाच हवा होता’ अशा अर्थाचं बोलल्या होत्या, हे निवेदक मुलगी स्काउटला आठवतं. खटल्याच्या प्रकरणांत हे वाक्य येत नाही, ते इथेच कळतं. म्हणून पहिल्या वाचनात नुसत्या खुणा करा आणि रकाने दुसऱ्या वाचनात भरा.

तिसऱ्या रकान्याची खरी गरज ‘हकलबेरी फिन’मध्ये पडते. पहिल्याच प्रकरणात निवेदक पोरगा हक याला सांभाळणाऱ्या विधवा डग्लसबाई त्याला तंबाखू ओढू देत नाहीत, स्वतः मात्र तपकीर ओढतात. इथे हक निदान टोमणा मारतो. 18व्या प्रकरणात ग्रँजरफर्ड आणि शेफर्डसन ही हाडवैरी घराणी बंदुका घेऊन चर्चमध्ये बसतात, बंधुप्रेमावरचं प्रवचन ऐकतात आणि घरी जाताना त्याची वाहवा करतात. दुसऱ्याच दिवशी मुडदे पडतात. विसंगतीवर हक अवाक्षर काढत नाही. उलट असा कंटाळवाणा रविवार आपण क्वचितच पाहिला, असं त्याला वाटतं. विद्यार्थी इथे हमखास ‘हक समाजावर टीका करतो’ असं लिहितात. टीका लेखकाची आहे, आणि ती चालते ती पोराला विसंगती दिसत नाही म्हणूनच. निवेदकाचं अज्ञान आणि लेखकाचा हेतू वेगवेगळे मांडा.

याच कादंबरीत ठग आणि दांभिक यांतला फरकही तपासता येतो. 20व्या प्रकरणात स्वतःला ‘राजा’ म्हणवणारा एक भटक्या धर्मसभेत पश्चात्तापदग्ध समुद्री चाचा बनून 87 डॉलर 75 सेंट गोळा करतो. आपण खोटं बोलतोय हे त्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो ठग. डग्लसबाईंची बहीण मिस वॉटसन हकला प्रार्थना शिकवते आणि 800 डॉलरच्या मोहात आपला गुलाम जिम याला न्यू ऑर्लिन्सला विकायला निघते. आजूबाजूच्या समाजात तिची प्रतिष्ठा याने तसूभरही कमी होणार नसते. लेखनाचा भर अशा पात्रावर ठेवा, कारण इथे प्रश्न एका माणसाच्या लबाडीपुरता उरत नाही. मात्र तिने मृत्युपत्रात जिमला मुक्त केलं आणि विकण्याच्या विचाराची तिला लाज वाटली, हे 42व्या प्रकरणात कळतं. ही नोंद गाळली तर मांडणी एकांगी होते.

‘द स्कार्लेट लेटर’मधला (1850) धर्मगुरू डिम्सडेल सर्वांत अवघड. तिसऱ्या प्रकरणात तो भर चौकात व्यभिचाराची शिक्षा भोगणाऱ्या हेस्टरला तिच्या साथीदाराचं नाव उघड करायला सांगतो, आणि तो साथीदार स्वतःच असतो. अकराव्या प्रकरणात व्यासपीठावरून ‘मी महापापी’ असं मोघम सांगतो. लोक त्याला आणखीच पवित्र मानू लागतात, आणि असंच होणार हे त्याला आधीपासून कळत असतं. म्हणजे कबुलीच मुखवटा बनते. त्याला पश्चात्ताप होतो म्हणून तो दांभिक नाही, असा बचाव करू नका. त्याच ठिकाणी निवेदक त्याला पश्चात्तापी आणि दांभिक असं दोन्ही म्हणतो.

‘द ग्रेट गॅट्सबी’त (1925) कुटुंबसंस्थेचे गोडवे गाणारा व्यभिचारी टॉम ब्यूकॅनन चटकन सापडतो. त्याच्यावर एक परिच्छेद पुरे. जास्त वेळ निवेदक निकला द्या. मी कुणाबद्दल घाईने मत बनवत नाही, असं पहिल्या प्रकरणात सांगणारा निक पुस्तकभर मतं देतो.

पंधराशे शब्दांच्या लेखाला एक पात्र आणि तीन जोड्या पुरतात. कथानक दीडशे शब्दांत आटपा. शेवटी आपली व्याख्या ‘मॉकिंगबर्ड’मधल्या डॉल्फस रेमंडवर लावून बघा. 20व्या प्रकरणात त्याच्या कागदी पिशवीत कोका-कोला निघतो. कृष्णवर्णीयांमध्ये राहायला लोकांना एखादं कारण दिसावं, म्हणून तो दारुडा असल्याचं भासवतो. तुमच्या व्याख्येत तो आणि मिस गेट्स एकाच रांगेत बसत असतील, तर व्याख्या सैल आहे. ती घट्ट करा आणि मगच प्रस्तावना लिहा.