वासराची हगवण: जंतू शोधा, पण पाणी आधी भरा

हगवणीने दगावणाऱ्या वासरांपैकी बरीचशी अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे दगावतात. जंतू कोणता हे शोधायचंच, पण तोवर पाणी अडवून ठेवायचं नाही.

आधी वासरू तपासा

मानेवरची कातडी चिमटीत धरून थोडी पिळा आणि सोडा. दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी तशीच राहिली, तर पाणी कमी पडलंय. डोळ्याचा गोळा आणि खालची पापणी यांत फट दिसली, तर बरंच कमी पडलंय. स्वच्छ बोट तोंडात घालून बघा: जोरात चोखतंय का, तोंड आतून गार आहे का. थर्मामीटर गुदद्वारात लावा, 38.5 ते 39.5 अंश सेल्सिअस हे नेहमीचं तापमान.

पाणी भरा

40 किलोच्या वासराचं 8 टक्के पाणी गेलं म्हणजे 3.2 लिटरची तूट. पुढे हगवणीतून जात राहणारं वेगळंच. म्हणून वासरांसाठीचं ओआरएस एका वेळी 2 लिटर, दिवसातून दोन-तीनदा, कोमट करून पाजा. त्यात सोडियम आणि ग्लुकोजसोबत बायकार्बोनेट किंवा ॲसिटेट असावं, कारण हगवणीत रक्तातलं आम्ल वाढतं आणि वासरू झोकांड्या खायला लागतं. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी मोजून घ्या. द्रावण दाट झालं तर सोडियम वाढून जिवावर बेततं.

दूध तोडू नका. नुसत्या ओआरएसवर वासराची ताकद टिकत नाही. मात्र बायकार्बोनेट असलेलं ओआरएस दुधात मिसळलं, तर पोटात दूध नीट साकळत नाही. म्हणून दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा. उभं आहे पण चोखत नाही, अशा वासराला ओआरएस नळीने देता येतं. दूध नळीने देऊ नका. ते कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यात, पडून आंबतं. आडवं पडलंय, तोंड गार आहे, चोखणं बंद आहे, तर शिरेतून सलाईन लागेल. डॉक्टरांना तातडीने बोलवा.

वयावरून कारणाचा अंदाज

पहिल्या चार दिवसांत पाण्यासारखी, पिवळसर हगवण लागून वासरू काही तासांत गळून गेलं, तर पहिला संशय ई. कोलाय या जिवाणूवर. त्याच्या विषामुळे आतडंच पाणी सोडायला लागतं. दहा दिवसांच्या वासराच्या हगवणीचं खापर सहसा त्याच्यावर फोडू नये. पाचव्या दिवसापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत रोटा विषाणू, कोरोना विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियम (क्रिप्टो) हा सूक्ष्म परजीवी आढळतात, पुष्कळदा दोन-तीन एकत्र. शेणाच्या रंगावरून त्यांत फरक करता येत नाही. ताप, रक्त, आतड्याच्या अस्तराचे तुकडे आणि घाण वास असेल, तर साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो. तीन आठवड्यांनंतर कुंथत रक्ती हगवण होत असेल, तर कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी.

खात्री प्रयोगशाळेतच होते. हगवण लागल्याच्या पहिल्या दिवशी, औषध देण्याआधी, दोन-तीन वासरांचं ताजं शेण हातमोजा घालून थेट गुदद्वारातून घ्या. बर्फावर ठेवून पाठवा, गोठवू नका.

रोटा, कोरोना, क्रिप्टो यांच्यावर नेहमीची अँटिबायोटिक चालत नाहीत. ताप, रक्त किंवा मरगळ असेल तरच ती द्यावीत, तीही डॉक्टरांनी सांगितल्यावर.

पुढचं वासरू वाचवा

जन्मल्यावर दोन तासांत वजनाच्या 10 टक्के चीक पाजा. 40 किलोला 4 लिटर. चिकातली प्रतिपिंडं रक्तात शोषण्याची आतड्याची ताकद तासागणिक घटते आणि 24 तासांत जवळजवळ संपते. गाभण गाईला शेवटच्या टप्प्यात रोटा, कोरोना आणि ई. कोलायची लस दिली, तर तिचं संरक्षण याच चिकातून वासराला मिळतं.

क्रिप्टोची अंडी ब्लीचिंग पावडरला दाद देत नाहीत. शेण खरवडून काढा, उकळतं पाणी ओता आणि जागा खडखडीत वाळू द्या. आधी निरोगी वासरांना पाजा, आजारी शेवटी. त्यांची बाटली आणि नळी वेगळी ठेवा. क्रिप्टो आणि साल्मोनेला माणसालाही होतात. काम झालं की साबणाने हात धुवा आणि लहान मुलांना आजारी वासरांपासून लांब ठेवा.